शिरगणती आणि वाडी : रत्नागिरी जिल्ह्याचा कागदोपत्री इतिहास

जनगणनेची जिल्हा पुस्तिका ज्यांनी चाळली असेल त्यांना तिची मांडणी ठाऊक असेल. प्रत्येक गावाला एक ओळ. त्या ओळीत गावाचे नाव, क्षेत्रफळ, घरे, पुरुष, स्त्रिया, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, कामकरी असे रकाने. सोयींच्या तक्त्यात शाळा, दवाखाना, पोस्ट, वीज आणि पिण्याचे पाणी. पाण्याच्या रकान्यात एका अक्षराची खूण असते. ती विहिरीची असली की वाचणाऱ्याने समजायचे, या गावाला पाणी आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गावात विहिरी तीन होत्या. म्हणजे पुस्तिकेतली खूण खरी होती. आमच्या वाडीला मात्र त्या तिन्हींपैकी एकीवरही घागर बुडवता येत नसे. वाडीचे पाणी पऱ्ह्याच्या काठच्या झऱ्याचे, आणि तो झरा होळी झाली की आटायचा. ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहायची? पुस्तिका खोटी नाही. तिला आमची वाडी दिसतच नाही, इतकेच. राज्य, महसुली विभाग, जिल्हा, तालुका, मंडळ, सजा, गाव अशी पायरीपायरीने उतरत येणारी सरकारची नजर गावापाशी थांबते. जात मात्र तेथूनच सुरू होते.

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात किल्ले असतात, बंदरे असतात, नररत्नांची खाण असते. जिल्हा म्हणजे कोणती माणसे, ती कोणी मोजली, कोणत्या सदरात मोजली आणि त्या मोजणीतून कोणाला काय मिळाले, हा प्रश्न या लेखनात सहसा येत नाही. तो येथे विचारावयाचा आहे.

प्रथम एका शब्दाची तड लावली पाहिजे. आपल्या साहित्यात 'गावकुसाबाहेरचा' हा शब्द रूढ झाला. तो देशावरचा शब्द आहे. कोकणात गावकूस नाही. देशावरच्यासारखे एकवट, वेशीचे, पांढरीचे गाव आमच्याकडे क्वचितच. डोंगराच्या कुशीत, वहाळाच्या दोन्ही बाजूंना, सड्याच्या कडेला विखुरलेल्या वाड्या मिळून एक गाव होते. खोतवाडी, ब्राह्मणवाडी, कुणबीवाडी, गुरववाडी, सुतारवाडी, भंडारवाडी, आणि सगळ्यांना टाळून, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या खालच्या अंगाला महारवाडी. मध्ये भिंत नाही. पऱ्ह्या आहे, पाखाडी आहे, कधी नुसता एक गडगा आहे. म्हणून बाहेरून येणाऱ्याला कोकणचे गाव सौम्य वाटते. ज्याला त्या गडग्याच्या अलीकडे थांबावे लागले त्याला कूस न बांधताही कूस कसे असते ते कळते.

आता जिल्हा. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये दक्षिण कोकण इंग्रजांच्या हाती आले. बाणकोट त्यांच्याकडे त्याआधी साठ वर्षांपासून होते. तेव्हा सुरुवातीचे ठाणे तेथेच. पण सावित्रीच्या मुखावर बसून वेंगुर्ल्याकडचा कारभार हाकणे अवघड, म्हणून १८२२ मध्ये मुख्य ठाणे रत्नागिरीस आले. १८३० मध्ये खर्च वाचविण्यासाठी जिल्ह्याचा दर्जा काढून त्याला उत्तर कोकणाच्या हाताखाली दिले, आणि दोन वर्षांनी, १८३२ मध्ये, तो पुन्हा स्वतंत्र जिल्हा केला. थोडक्यात, हा जिल्हा महसुलाच्या सोयीने जन्मला, मोडला आणि पुन्हा उभा राहिला.

तालुक्यांचीही अशीच गंमत आहे. १९०१ मध्ये जिल्ह्यात नऊ तालुके होते आणि आजही नऊच आहेत. पण हे नऊ ते नऊ नव्हेत. दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी आणि राजापूर ही सहा नावे दोन्ही यादींत आहेत. तेव्हाचे देवगड, मालवण, वेंगुर्ले आज सिंधुदुर्गात गेले, आणि तेव्हा ज्यांना नुसते पेटे म्हणत ते मंडणगड, गुहागर व लांजे आज तालुके झाले आहेत. मंडणगड दापोलीच्या पोटात होता, गुहागर चिपळूणच्या, लांजे राजापूरच्या. मधल्या काळात, १९४८ मध्ये, सावंतवाडी संस्थान विलीन होऊन जिल्हा फुगला, आणि १ मे १९८१ रोजी दुभंगला. त्या वर्षीची जनगणना १ मार्च हा दिवस धरून झाली होती. म्हणजे माणसे मोजली अखंड जिल्ह्याची, आणि आकडे हाती येतात न येतात तोच जिल्ह्याचे दोन तुकडे झाले.

ही सगळी उलथापालथ होत असता एक घटक तसाच राहिला, तो म्हणजे गाव. आणि गावाची हद्द कोणाला माहीत होती? पाटलाला नव्हे, कुळकर्ण्याला नव्हे. ती महाराला माहीत होती. शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष अखेरची मानीत. हद्दीचे दगड कोणते, ओढा कोठून फिरला, कोणत्या झाडापासून पुढे दुसऱ्याचे रान, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पायांनी पाठ केलेले. सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा तो त्यानेच, सरकारी माणूस आला की त्याचे ओझे पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचे तेही त्यानेच. तेव्हा या देशातला सर्वांत जुना प्रशासकीय नकाशा महाराच्या डोक्यात होता असे म्हटले तर वावगे ठरू नये. पण ज्याने शीव राखली त्याचे घर शिवेच्या आत की बाहेर, याचा निर्णय दुसऱ्याने केला. १८७४ च्या वतन कायद्याने या राबणुकीला कायद्याचा शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कौन्सिलात मांडले, ते पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. म्हणजे धर्मांतर आधी झाले आणि वतनातून सुटका नंतर! हा क्रम आपल्या इतिहासकारांनी नीट ध्यानात घेतलेला नाही.

रत्नागिरीत या व्यवस्थेवर आणखी एक थर होता, तो खोतीचा. खोती गावात सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत बसलेला. गावाचा सारा तो भरणार आणि कुळाकडून स्वतःचा हिस्सा धान्यात घेणार. भातजमिनीचा अर्धेल, वरकसाचा तिरधेल. शिवाय वेठ. १८८० च्या खोती कायद्याने हा हक्क मोडला नाही. तो लिहून ठेवला. सरकारच्या दप्तरात गाव म्हणजे खोताचे नाव. कुणबी त्या नावाखाली, आणि महार त्याच्याही खाली. त्याला खोताची वेठ होती आणि गावाचीही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिलावर चालून गेले. त्यांत कुणबी आणि महार एकत्र होते. कोकणच्या इतिहासात ही दोन माणसे एका रांगेत चालल्याचे असे प्रसंग फार थोडे आहेत. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. जमीन मात्र कागदाप्रमाणे गेली. ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते त्याला ती मिळाली. ज्याने तोंडी सांगण्यावर कातळाशेजारचे वरकस पिढ्यान्‌पिढ्या खणले, त्याचे नाव कोठेच नव्हते. १ एप्रिल १९५७ चा कूळदिन आमच्या कितीतरी वाड्यांवरून नुसता उन्हासारखा निघून गेला.

मग ही माणसे जगली कशी? गाव सोडून. प्रथम पलटणीत आणि नंतर मुंबईत.

कोकणातले महार कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात पहिल्यापासून होते. निवृत्त झाले की दापोलीच्या कॅम्पात किंवा आसपासच्या गावांत येऊन राहत. गोपाळबाबा वलंगकर रायगडकडच्या रावढळचे, पण पलटणीतून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी काम केले ते दापोलीस राहून. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर मुलाबाळांसह काही काळ दापोलीस होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे, आज मंडणगड तालुक्यात. रमाबाईंचे वणंद दापोली तालुक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरती बंद करण्यात आली आणि या वाड्यांचा एक दरवाजा मिटला. त्या भरतीबंदीविरुद्धचे अर्ज हे अस्पृश्यांच्या राजकीय लेखनाचे आरंभीचे पाठ होत. ते लिहिले गेले ते या लहानशा टापूत. मंडणगड हा आज लोकसंख्येने जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका आहे, एवढेच पुस्तिका सांगते.

दुसरा दरवाजा मुंबईचा. गिरण्या, गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटी. १९११ मध्ये मुंबई शहराची वस्ती पावणेदहा लाखांच्या पुढे होती आणि त्यांतले दोन लाखांहून अधिक लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. जिल्ह्याची स्वतःची वस्ती १९०१ मध्ये ११,६७,९२७. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते की हा जिल्हा एका ठिकाणी नाहीच. त्याचा एक तुकडा परळ-डिलाईल रोडच्या चाळींत आहे. तेथे मुंबईचा म्हणून मोजलेला आणि गावी चाकरमानी म्हणून ओळखला जाणारा. मोजणीच्या दिवशी गावात म्हातारे, बायका आणि पोरे. म्हणूनच जनगणनेत रत्नागिरीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दिसतात : २००१ मध्ये हजार पुरुषांमागे ११३६ आणि २०११ मध्ये ११२२, राज्यात सर्वाधिक. हा आकडा पाहून काही विद्वान कोकणातल्या स्त्रीच्या मानाच्या स्थानाचे गोडवे गातात! ज्या बाईने नवरा वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला पाहिला, तिला हा मान जाऊन विचारावा. आमच्या वाडीतल्या बाईकडे गणपतीलाही कोणी येत नसे, कारण सुटी मागायला पगारी नोकरी लागते आणि बदली कामगाराला ती नव्हती.

या जिल्ह्याची वस्ती वाढत वाढत गेली असाही समज आहे. तो अर्धाच खरा. १८७२ च्या पहिल्या गणनेत १०,१९,१३६ आणि १८८१ मध्ये ९,९७,०९०. पहिल्या दशकातच बावीस हजारांची घट. नंतर मात्र वाढ. जुन्या, मोठ्या जिल्ह्याचे १९५१ चे आकडे १७,११,९६४, १९६१ चे १८,२७,२०३, १९७१ चे १९,९०,५८३. धाकट्या रत्नागिरीचे २००१ मध्ये १६,९६,७७७ आणि २०११ मध्ये १६,१५,०६९. पुन्हा घट, आणि या वेळी ती एक्क्याऐंशी हजारांवर. शहरी वस्ती अजूनही शेकडा सोळाच्या आसपास. जाणारा माणूस चिपळुणात किंवा रत्नागिरीत थांबत नाही. तो सरळ मुंबई, ठाणे, पालघरकडे जातो. बंद घरांच्या वाड्या सर्वच जातींत आहेत, पण ज्यांची जमीन नव्हती त्यांच्या घरांची कुलपे आधी गंजली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. माणसे किती, हा प्रश्न निरुपद्रवी असतो तोवर सरकार तो सरळ विचारते. त्यावर काही वाटणी अवलंबून राहिली की तोच प्रश्न तंट्याचा होतो. १९१० साली जनगणना आयुक्त गेट यांनी एक परिपत्रक काढून हिंदूंतल्या काही जाती वेगळ्या दाखवण्यासाठी कसोट्या घालून दिल्या : ब्राह्मण पुरोहित मिळतो का, देवळाच्या गाभाऱ्यात जाता येते का, स्पर्शाने विटाळ होतो का, अशा. त्या वेळी फारशी ओरड झाली ती आकड्यांवर नव्हे, कसोट्यांवर. पण १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे मतांचा आणि जागांचा प्रश्न आला, तेव्हा काही प्रांतांनी आमच्याकडे अस्पृश्य जवळपास नाहीतच असा पवित्रा घेतला. ज्यांची सावली काल चालत नव्हती ती माणसे आज आकड्यांतून नाहीशी झाली. बाबासाहेब त्या समितीत होते. १ मे १९३२ ची त्यांची स्वतंत्र टिपणी आणि पुढे त्यांनी या प्रकरणावर केलेले लेखन वाचले म्हणजे लोकसंख्याशास्त्र हा किती राजकीय विषय आहे ते कळते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पुणे करार झाला आणि मुंबई इलाख्याच्या वाट्याला, सिंध धरून, पंधरा राखीव जागा आल्या. जागा या शिरांच्या हिशेबाने मिळतात हे तत्त्व तेव्हापासून आपल्या राजकारणाच्या पायात आहे. १९५० च्या घटनेनेही तेच स्वीकारले.

त्या पायालाच १९६१ मध्ये एक विचित्र धक्का बसला.

१९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या होती २,४८९. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. १९६१ मध्ये बौद्ध झाले २७,८९,५०१. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत एका धर्माच्या आकड्याने अशी उडी घेतल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. आपण या आकड्याचा अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या रकान्याकडे आपण पाहिले नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे लोक उरले २२,२६,९१४, शेकडा ५.६३. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. म्हणजे ज्याने बौद्ध लिहिले तो या रकान्यातून उठला. त्याची वाडी तीच, झरा तोच, आणि गावचे लोक त्याला हाक मारीत तीही तीच.

मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. मुंबईहून चुलत्याचे पत्र आले होते की धर्म बौद्ध असे सांगा, भिऊ नका. मोजणीला आलेले गृहस्थ मास्तरकीत होते. ते अंगणाच्या खालच्या अंगाला, गडग्यावर कागद ठेवून उभे राहिले. आजोबांना विचारले, धर्म? आजोबा म्हणाले, बौद्ध. जात? आजोबा म्हणाले, टाकली. मास्तर हसले आणि म्हणाले, मग हा रकाना कोरा ठेवतो बरं का, मागाहून तक्रार नको. आजोबांनी मान हलवली. शेजारच्या घरात आमच्याच भावकीतल्या एकाने हिंदू महार सांगितले, कारण त्याचा मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अर्ज करून बसला होता. दोन घरे, एक रक्त, एक दीक्षा, आणि कागदावर दोन जमाती. पुढे त्या दोन घरांत चार वर्षे बोलणे नव्हते. मोठेपणी मी पुस्तिकेत आमच्या गावाची ओळ शोधली तेव्हा मला प्रथम ते भांडण आठवले.

महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना चालू ठेवल्या, हे नमूद केले पाहिजे. केंद्राच्या नोकऱ्या आणि विधिमंडळाच्या जागा यांना मात्र ती नोंदच लागे. आणि जागांचा हिशेब कसा झाला तो पाहा. १९७१ मध्ये अनुसूचित जाती ३०,२५,७६१, म्हणजे शेकडा ६. त्याच गणनेत बौद्ध ३२,६४,२२३. ही दोन्ही माणसे मिळवली असती तर प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले असते. मतदारसंघांची जी पुनर्रचना १९७१ च्या आकड्यांवर झाली तिच्यात २८८ पैकी १८ जागा राखीव ठरल्या. त्यानंतर घटनादुरुस्तीने जागांचा हिशेब गोठवला गेला. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले. आपण आनंद केला. १९८१ मध्ये ४४,७९,७६३ असलेली अनुसूचित जातींची संख्या १९९१ मध्ये ८७,५७,८४२ झाली, शेकडा ११.०९. पण जागा? १८ त्या १८. पुढची पुनर्रचना २००८ मध्ये झाली, तेव्हा त्या २९ झाल्या. लोकसभेच्या तीनाच्या पाच झाल्या. अशा रीतीने १९५६ च्या दीक्षेची विधानसभेतली नोंद व्हायला २००९ ची निवडणूक उजाडावी लागली. आजोबांनी कोरा सोडलेला रकाना भरायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली, आणि तोवर ते नव्हते.

बरे, तो भरला का? संपूर्ण भरला नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००. त्यांतले अनुसूचित जातीत नोंदलेले ५२,०४,२८४. उरलेले तेरा लाखांवर लोक बौद्ध आहेत, पण अनुसूचित नाहीत. ते सगळे काही तिबेटी किंवा जन्मजात परदेशी बौद्ध नव्हेत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात तर हा प्रकार उघडाच दिसतो : बौद्ध शेकडा सुमारे सात आणि अनुसूचित जाती मात्र शेकडा सुमारे चार. भाग मोठा कसा आणि पूर्ण लहान कसे? उत्तर गणकाच्या वहीत आहे. धर्म विचारला, बौद्ध. जात विचारली, तरीही बौद्ध. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध नावाची जात नाही, तेव्हा गणकाने तो माणूस यादीबाहेर ठेवला. कायदा बदलला, पण आजोबांचे उत्तर नातवांनी सोडले नाही. जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा मतदारसंघांत एकही राखीव नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांतल्या राखीव जागाही याच रकान्याच्या प्रमाणात पडतात.

येथे आपल्यातच दोन मते आहेत आणि दोन्ही मी जवळून ऐकली आहेत. एक म्हणते, जात सांगायची तर दीक्षा कशाला घेतली? दुसरे म्हणते, जात न सांगून ती गेली कोठे, वाडी तर तेथेच आहे. मला स्वतःला पहिले उत्तर अधिक भावते आणि दुसरे अधिक पटते. धर्म बौद्ध आणि जातीच्या रकान्यात जुने नाव, हे उत्तर कोणालाही गोड लागणारे नाही. पण १९९० च्या दुरुस्तीचा अर्थ तोच आहे. ती धर्माविषयी काही म्हणत नाही. ती एवढेच म्हणते की धर्म बदलल्याने तुमच्यावरचा अन्याय बदलला नाही, तो मोजला पाहिजे. जखमेचा दाखला मागायला गेलेल्याने जखम झाकून ठेवणे व्यवहाराचे नाही.

वाडीचा प्रश्न मात्र याहूनही मूळचा आहे. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्याआधी १९५८ चा ग्रामपंचायत कायदा होता. लोकशाही गावापर्यंत पोचली असे आपण म्हणतो. कोकणात ती कशी पोचली? जिल्ह्यात गावे दीड हजारांच्या वर आणि ग्रामपंचायती साडेआठशेच्या आतबाहेर. दोन-दोन, तीन-तीन गावे मिळून एक गट ग्रामपंचायत. म्हणजे वाडी हा गावाचा तुकडा आणि गाव हा पंचायतीचा तुकडा. त्यांत प्रभाग पाडायचे. प्रभागाची रेघ कोठून न्यायची हे ज्यांच्या हाती असते त्यांना ठाऊक असते की बौद्धवाडी एका प्रभागात अखंड ठेवली तर तिचा माणूस स्वतःच्या बळावर निवडून येतो, आणि दोहोंत विभागली तर तो कोणाच्या तरी मेहेरबानीने येतो. नकाशावर ही रेघ काढायला पेन्सिल पुरते. रस्त्याचेही तेच. गाव बारमाही रस्त्याने जोडले गेले असे पुस्तिका म्हणते तेव्हा रस्ता देवळापर्यंत किंवा शाळेपर्यंत आलेला असतो. तेथून बौद्धवाडीपर्यंतची पाखाडी पावसात आजारी माणसाला झोळीत घालून उतरावी लागते, हे किती ठिकाणी अजून खरे आहे ते कोकणात पावसाळा काढलेल्यांनी सांगावे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. महारवाडा, ब्राह्मणवाडा ही नावे दप्तरातून जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी यावीत याला कोण विरोध करील? आमच्या वाडीची बौद्धवाडी आम्हीच १९५७ मध्ये केली होती, कोणाचा आदेश नसताना. पण एक शंका मनात येते. नाव पुसले आणि वाडीची स्वतंत्र नोंद मात्र केली नाही, तर उद्या अभ्यासकाला कोणत्या वाडीत नळ गेला आणि कोणत्या वाडीत गेला नाही, हे शोधायला पूर्वी जो एक धागा होता तोही उरणार नाही.

सरकारने वाडी मोजली नाही, पण वाडीने स्वतःला मोजले. प्रत्येक गावच्या बौद्धजनांचे एक मंडळ गावात असते आणि त्याचेच दुसरे अंग मुंबईत. पूर्वी चाळीतल्या एखाद्या खोलीत, आता बहुधा नालासोपारा-दिव्याकडच्या कोणाच्या घरी, महिन्याच्या ठरल्या रविवारी सभा भरते. वर्गणीची वही असते. तीत घरवार नावे असतात : कर्ता पुरुष, तो वारला असेल तर त्याची विधवा, वेगळे निघालेले मुलगे, कोण गावी, कोण मुंबईत, कोणाची किती बाकी. लग्न, मयत, बुद्धविहाराचे बांधकाम, आंबेडकर जयंती, सगळे त्या वहीवर चालते. गावमंडळे मिळून विभाग, विभाग मिळून तालुका, अशी तिची रचनाही सरकारी रचनेला समांतर आहे. मुंबईत मोजलेला आणि गावी न मोजलेला माणूस या एकाच वहीत पूर्ण सापडतो. आमच्या मंडळाची सर्वांत जुनी वही मी पाहिली. पहिल्या पानावर आजोबांचे नाव आहे, आणि त्याच्या खालच्या ओळीवर शेजारच्या घराचे, ज्याने १९६१ मध्ये हिंदू लिहून दिले होते त्याचे. दोघांची वर्गणी सारखी. वहीत जातीचा रकाना नाही.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेत सर्वच जातींची नोंद घ्यायची असे केंद्र सरकारने २०२५ मध्ये ठरवले. १९३१ नंतर असे प्रथमच होणार. या गणनेसाठी प्रत्येक गावमंडळाने दोन कामे करावीत असे मी आमच्या सभेत मांडले. एक म्हणजे आपली वही अद्ययावत करून ठेवणे, वाडीतली घरे, बंद घरे, पाण्याची जागा, रस्ता कोठवर आहे हे सगळे तीत लिहून. म्हणजे पुस्तिका छापून आली की ताडून पाहता येईल. दुसरे, दारात येणाऱ्या गणकाला काय उत्तर द्यायचे ते घरोघर आधी बोलून ठेवणे. पहिल्या कामाला सगळ्यांनी होकार दिला. दुसऱ्यावर दोन तास वाद झाला आणि सभा पुढच्या रविवारवर गेली.